दुपारची पत्रिका

पहूरच्या झुलाल मिस्तरीला कुठलीही वस्तू तिच्या बेताने चालवणं कधी जमलं नाही. टेबलफॅन दुरुस्तीला आला की तो त्याचा रेग्युलेटर उपटून टाकी आणि म्हणे, "आता पाहा कसा पळतो." लग्नाच्या मांडवात त्याने जोडलेला ॲम्प्लिफायर शिवारापलीकडे ऐकू जाई आणि दर हंगामात एकदोन कर्णे फाटत. एकदा विहिरीवरच्या मोटरला त्याने असा काही जोर दिला की ती धूर सोडून कायमची बसली. मालक अंगावर धावून आला, तर झुलाल दात काढून म्हणाला, "तिच्यातच दम नव्हता भो, मी काय करू?" त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर विजेने भाजल्याचे पांढरे डाग होते. ते तो लोकांना कौतुकाने दाखवी.

रेडिओ गेले, टीव्ही आले. झुलाल तेही शिकला. मग नव्वद साल उलटल्यावर सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना विकायला काढला, तो झुलालने उचलून आणला. तीनशे शहाऐंशी नावाचं मशीन. सोबत जळगावच्या एका ओळखीच्या माणसाकडून पत्रिका काढायची फ्लॉपी मिळाली. दुकानावर पाटी लागली, 'येथे कॉम्प्युटरवर पत्रिका व गुणमेलन करून मिळेल.' लग्नसराईत पाटीखाली माणसं उभी राहू लागली. जोशीबुवांनी हाताने लिहिलेल्या कुंडलीवर मुलाकडचे आता विश्वास ठेवीनात. "मशीनची काढून आणा," म्हणत. मशीन कोणाच्या नात्यातलं नाही, कोणाकडून दक्षिणा घेत नाही, म्हणून त्याचं खरं.

अडचण एकच होती. मशीन सावकाश चाले. एका मुलीसाठी चारपाच स्थळांचे गुण जुळवायचे म्हटलं की गणित करायला ते इतका वेळ घेई की गिऱ्हाईक उठून जामनेरला जाई. तिथे एकाने नवं मशीन आणलं होतं.

झुलालने पेटी उघडली. आत सर्किटच्या मोठ्या पाटीवर चांदीच्या डबीसारखा एक चौकोनी तुकडा बसवलेला होता. रेडिओच्या माणसाला तो ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. तो क्रिस्टल. मशीनची नाडी. तो जितके ठोके देईल तितक्या ठोक्यांवर सगळं मशीन चालायचं. डबीवर पन्नासचा आकडा होता. झुलालने जळगावला जाऊन सहासष्टचा आणला, जुना काढून नवा बसवला, आणि मशीन मुकाट्याने पळालं. माणसाने इथे थांबावं. झुलालने ऐंशीचा आणला.

ऐंशीवर मशीन सुरू झालं, पण थोड्या वेळाने पडदा गोठला. हात लावून पाहिला तर मुख्य चिप तव्यासारखी तापलेली, आणि तिच्या शेजारची, अपूर्णांकांची गणितं करणारी दुसरी चिप त्याहून. गरम वस्तू थंड कशी ठेवायची हे झुलालला ॲम्प्लिफायरने शिकवलं होतं. त्याने मोडीतल्या ॲम्प्लिफायरची, उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची पाती कापली, पांढरी पेस्ट लावून दोन्ही चिपांवर बसवली, पेटीचं झाकण काढून फेकलं आणि वाळ्याच्या कूलरचं तोंड सरळ मशीनच्या पोटात वळवलं. आता ते दिवसभर चाललं. पत्रिका चहा संपायच्या आत छापून येऊ लागली. जामनेरची गिऱ्हाइकं पहूरला उतरू लागली.

तसा तो अगदीच बेफिकीर नव्हता. रोज सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती लावली की पहिली पत्रिका तो स्वतःची काढी. त्याला तो सलामी म्हणे. निघालेला कागद कालच्या कागदावर धरून उजेडात पाही. रेघ न् रेघ जुळे. मग नमस्कार करून गिऱ्हाईक घेई. मशीन बरोबर आहे याची त्याची एवढीच परीक्षा होती, आणि ती नेहमी सकाळच्या गारव्यात होई.

दुपारी पहूरला लाईट जाई. झुलालने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर इन्व्हर्टर बांधला होता. त्याच्यावर मशीन चाले, प्रिंटर चाले. कूलर चालत नसे, तेवढा दम बॅटरीत नव्हता. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं, वर पत्रा, आणि त्या भट्टीत मशीन ऐंशीवर पळत असे. पण अडकत नसे. अडकलं असतं तर झुलालला कळलं असतं.

वना पहिलवान दुकानात आला तो अशाच एका दुपारी. त्याची धाकटी बहीण लता हिचं लग्न धुळ्याकडच्या हिलाल आबांच्या मुलाशी ठरलं होतं. नारळ झाला होता, बस्त्याचा दिवस धरला होता. मग हिलाल आबांच्या भावाने जाता जाता झुलालकडे पत्रिका काढली. कागदावर आलं, मुलीला सातव्या घरात मंगळ. दुसऱ्या दिवशी नारळ परत आला, तो वनाच्या ओट्यावर आपटून फोडूनच.

वनाने कागद झुलालच्या तोंडासमोर धरला. "जोशीबुवानं जल्मल्यावर कुंडली केली. तिच्यात मंगळ नही. तुह्या मशीनमधी कुठून आला?"

"जोशीबुवा म्हातारा झाला भो," झुलाल प्रिंटरची फीत बदलता बदलता म्हणाला. "माणूस चुकतो. मशीन चुकत नही."

"पुन्हा काढ."

"काढून काय फायदा? ग्रह काय तुह्या आखाड्यातले पोरं आहेत का, दम दिला की जागा सोडतील?"

बाकावर बसलेले दोघेतिघे हसले. वनाने हसणाऱ्यांकडे पाहिलं नाही. त्याने झुलालची मान धरली, त्याला ओढत दारापर्यंत नेलं, त्याचा उजवा हात उंबऱ्यावर पायाने दाबला आणि वरून शटर खाली ओढलं. एकदा. मग वर करून पुन्हा. हाडं मोडल्याचा आवाज बाकावरच्यांनी ऐकला. झुलालच्या तोंडून नुसता वारा निघाला.

"लताले कोनी घेतलं नही ना," वना वाकून म्हणाला, "तं दुसरा हात. मग पाय. मी इथंच र्‍हातो."

जामनेरला प्लास्टर झालं. झुलालची बायको कमलबाई त्याला घेऊन परतली तेव्हा तिला एवढंच हवं होतं की त्याने पोलिसात जावं. झुलाल जात नव्हता. त्याच्या डोक्यात कागद घुमत होता. रागाने म्हणा, वनाला तोंडावर पाडायचं म्हणून म्हणा, त्याने सकाळी सलामी झाल्यावर डाव्या हाताने लताची जन्मवेळ घातली.

मंगळ तिसऱ्या घरात आला. तिथे त्याचा दोष धरत नाहीत.

त्याने पुन्हा घातली. तिसऱ्याच घरात. सबंध सकाळ तो मंगळ तिथून हलला नाही. दुपारी लाईट गेली, कूलर थांबला, आणि अंगातून घामाच्या धारा लागल्या तेव्हा त्याने परत तीच जन्मवेळ घातली. मंगळ सातव्यात. पुढच्या वेळी चौथ्यात. त्याच्या पुढच्या वेळी चंद्रानेही रास सोडली. मशीन मात्र झरझर चाललं होतं, कुठे थांबत नव्हतं, कुरकुरत नव्हतं. रेघा सरळ, अक्षरं ठळक, वर गणपतीचं चित्र. उन्हाने डोकं फिरलेला माणूस शांत चेहऱ्याने बरळावा तसं.

झुलालने पेटीत हात घातला आणि ॲल्युमिनियमच्या पात्याला लागून बोट भाजून घेतलं. मग तो खाली बसला.

कमलबाईला त्याने सांगितलं. ती हुशार बाई होती. ऐकून घेऊन म्हणाली, "जुना किस्टल लावा. लताची नवी पत्रिका काढा, वनाच्या हातात द्या, आन् तोंड शिवा. बाकी कोनाले काही बोलू नका."

"बाकीच्यांच्या दुपारच्या पत्रिका?"

"त्या देवाघरी. आपन नही गेलो कोनाकडे, लोक आपल्याकडे आले."

झुलालने तसंच केलं. पन्नासचा क्रिस्टल पुन्हा बसवला, लताची पत्रिका काढली. फक्त वनाकडे न देता तो स्वतः एसटीत बसला आणि हिलाल आबांच्या गावी गेला. वनाने पत्रिका नेली असती तर तिथे डोकी फुटली असती.

हिलाल आबा खळ्यात बाजेवर बसले होते. पांढऱ्या मिशांचा, दांडग्या हाडाचा माणूस. त्यांनी कागद घेतला, झुलालचं प्लास्टर पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"त्यासनी मारीसन धाडं का तुले?"

"नाही आबा. मशीनची चूक होती."

"हात मोडना म्हनीसन कुंडली बदलनी," आबा आजूबाजूच्यांना म्हणाले. "उद्या पाय मोडना तं आखो बदली." खळ्यातली माणसं खो खो हसली. एका पोरसवद्या पुतण्याने झुलालच्या टाळक्यात चापट मारली, दुसऱ्याने कागद चुरगळून बैलापुढे टाकला. "मशीन कधी खोटं बोलस का? तूच म्हने ना हाई मना भाऊले?"

झुलाल तसं म्हणाला होता. रोज म्हणत असे.

परत आला तर वनाच्या घरून बातमी होती. हिलाल आबांचा नकार सगळ्या भाऊबंदात पसरला होता, मंगळाची मुलगी म्हणून. आता लताला सावद्याकडच्या एका बिजवराला द्यायचं घाटत होतं. त्याची पहिली बायको स्टोव्हवर जळाली होती. कशी जळाली हे तिच्या माहेरचे वेगळं सांगत आणि तो वेगळं. त्याला मंगळाचं काही वाटत नव्हतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत हळद लावा म्हणत होता. लता दोन दिवस जेवली नाही, तेव्हा वनाने तिला दोरीने बांधून भरवलं असं कमलबाई पाण्यावर ऐकून आली. मग भरवता भरवता तो स्वतःच डोकं भिंतीवर आपटून घेत होता म्हणे.

"आता?" कमलबाई म्हणाली.

"आता आबांना इथं आणून दाखवावं लागेल. मशीन कसं खोटं बोलतं ते."

"सगळ्यांसमोर?"

"एकट्याने पाहिलं तर पुन्हा म्हणतील, वनाने दम दिला."

"अहो, मग लोक घरोघरच्या पत्रिका काढून बसतील! तुमाले जित्ता सोडतील का ते?"

रात्रभर झुलाल कूस बदलत होता, मोडलेल्या हातावर वजन पडलं की कण्हत होता. सकाळी त्याने वनाला गाठलं आणि म्हणाला, "आबांना आण. कसंही करून, त्यांच्या जुन्या कुंडलीसकट आण. पण दुपारी आण."

वनाने कसं आणलं ते कोणी विचारलं नाही. हिलाल आबा दोन भावांसह जीपमधून उतरले तेव्हा जीपची पुढची काच फुटलेली होती आणि आबांच्या धाकट्या भावाचं नाक सुजलेलं होतं. वनाच्या सदऱ्याची बाही लोंबत होती. "दखाड," आबा दुकानात शिरत म्हणाले. "खोटं निंघनं तं तुले न् ह्याले दोन्हीसले गाडसू."

बाजाराचा दिवस होता. दारात, बाकांवर, रस्त्यावर माणसं उभी राहिली. झुलालने सगळ्यांना दिसेल असा पन्नासचा क्रिस्टल काढला. डाव्या हाताने ऐंशीचा बसवला.

"आबा, हा मशीनचा ठोका. जितका बनवणाऱ्याने दिला त्याच्याहून मी जास्त लावला. लवकर काम व्हावं म्हणून."

"मंग?"

"मग ते तापतं. कूलर आहे तोवर बरं असतं. तुमची जन्मवेळ सांगा."

आबांनी सांगितली. कूलर सुरू होता. पहिली पत्रिका आली. आबांनी ती खिशातल्या जुन्या कुंडलीशी ताडून पाहिली आणि मान हलवली. बरोबर होती. झुलालने कमलबाईकडे पाहिलं. तिने ओठ आवळून कूलरचं बटण बंद केलं.

ते सगळे त्या पत्र्याखाली उभे राहिले. घामाचा, तापलेल्या वार्निशचा वास सुटला. झुलालने पुन्हा तीच जन्मवेळ घातली. प्रिंटर किरकिरला. आबांनी कागद फाडून घेतला, वाचला आणि त्यांच्या कपाळावरची शीर फुगली.

"काय आलं आबा?" कोणीतरी मागून ओरडलं.

धाकट्या भावाने डोकावून वाचलं. "आबाले मंगळ! आठवा घरमा!"

"अरे, मग काकू कशी जित्ती?" गर्दीतून आवाज आला आणि हशा उसळला. सुजलेल्या नाकाचा भाऊही हसला.

"आखो एक डाव," आबा म्हणाले. ते हसत नव्हते.

तिसऱ्या पत्रिकेत आबांची रासच बदलली. आबांनी वाकून पेटीत पाहिलं. "हात लावा," झुलाल म्हणाला. त्यांनी ॲल्युमिनियमच्या पात्याला बोट टेकलं आणि शिवी हासडून मागे ओढलं. बोटाच्या टोकाला पांढरा फोड धरला. ते त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"आते त्या पोरनी काढ. धिमं करीसन."

झुलालने ऐंशीचा काढला, पन्नासचा बसवला. कमलबाईने कूलर लावला. मशीन गार होईपर्यंत माणसं जागची हलली नाहीत. लताची पत्रिका सावकाश, पूर्वीसारखी रेंगाळत आली. मंगळ तिसऱ्या घरात. आबांनी ती घडी करून खिशात घातली. वनाच्या छातीवर पंजा ठेवला आणि त्याला जोराने मागे ढकललं. "मना भाऊनं नाक फोडं तू. हाई मी इसरनार नही." मग म्हणाले, "नारळ आन. आखाजीनी दुसऱ्या दिवशी हळद."

वना तिथेच उकिडवा बसला आणि तोंडावर हात घेऊन हुंदके देऊ लागला.

तेव्हा बाकाच्या टोकाला बसलेला पुना उठला. पुना केळीच्या वखारीत हमाली करी. चैत्रात त्याने आपल्या मुलीचं ठरलेलं लग्न ह्याच दुकानातल्या कागदावरून मोडलं होतं. मुलीने विहिरीत उडी मारली. वर काढली तेव्हा श्वास होता, पण त्या दिवसापासून ती बोलत नव्हती. हे सगळ्या पहूरला माहीत होतं.

"मिस्तरी," पुना म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "माह्या लिलाची कधी काढली होती रे? सकाळी का दुपारी?"

झुलालला आठवत होतं. लाईट नव्हती. पुना सारखा टॉवेलने वारा घेत होता. खोटं बोलायला अजून वेळ होता. कमलबाई मागून त्याचा सदरा ओढत होती.

"दुपारी," झुलाल म्हणाला.

पुनाने टेबलाखालचा लोखंडी स्टॅबिलायझर वायरींसकट उपटला आणि दोन्ही हातांनी झुलालच्या डोक्यावर आणला. झुलालने प्लास्टर आडवं धरलं, ते फुटलं, दुसरा घाव खांद्यावर बसला. मग गर्दीत ज्याच्या ज्याच्या घरात असा कागद होता तो तो आत घुसला. कोणी पडदा उचलून रस्त्यावर फेकला, कोणी प्रिंटर पायाखाली तुडवला. एकाने पेटीतली पाटी उचकटून गुडघ्यावर मोडली. झुलालच्या बरगड्यांवर चपला, काठ्या, बाकाचा पाय, जे हाताला येईल ते पडत होतं. "माह्या पोरीचे बत्तीस गुण लिहिले तू! रोज मार खाते ती!" एक बाई किंचाळत होती आणि त्याच्या केसांना धरून हिसके देत होती. कमलबाई त्याच्या अंगावर आडवी पडली. तिलाही लाथा बसल्या.

दाराबाहेर जीप सुरू झाली. वना मागच्या बाजूला चढला होता, हिलाल आबांच्या भावाशेजारी. त्याने मागे वळून दुकानाकडे पाहिलं. खाली उतरण्यासाठी त्याने एक पाय बाहेर काढलाही. मग आबा काहीतरी म्हणाले आणि त्याने तो आत घेतला. बस्त्याला उशीर झाला होता.

जळगावच्या दवाखान्यात झुलालला शुद्ध आली तेव्हा एका डोळ्याने दिसत नव्हतं. कमलबाई खाटेशेजारी बसली होती, तिच्या कपाळाला टाके होते. ती त्याला हळूहळू सगळं सांगत होती. लताला हळद लागली, लग्न धुळ्याकडे झालं, जेवणात मांडे होते.

हवालदार जबाब घ्यायला आला. "नावं सांगा."

"गर्दी होती साहेब," झुलाल म्हणाला.

"मी सांगते!" कमलबाई उठली. "पुना हमाल. वना पहिलवान. तो दाढीवाला भजीवाला..."

"गर्दी होती," झुलाल पुन्हा म्हणाला.

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "बरं, भांडण कशावरून झालं ते तरी सांगशील?"

झुलालने सुजलेला ओठ चाटला. "मी मशीन जास्त पळवलं."

"मशीन? मग त्यात एवढं मारायचं काय?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कान देऊन ऐकत होता. दुखऱ्या बरगड्यांमधून श्वास कसाबसा आत घेऊन झुलाल म्हणाला, "साहेब, तुमच्या घरी कोणाचं लग्न जमवलंत का यंदा?"

"हो. पुतणीचं. का?"

"पत्रिका कुठं काढली?"

हवालदार त्याच्याकडे पाहू लागला. कमलबाईने झटकन झुलालच्या तोंडावर हात ठेवला.